रॅमची एक पट्टी की दोन?

चोपडीची जागा संगणकाने घेतली, तरी पेढीवरील महिनाअखेरची घाई तीच आहे. जीएसटीचे विवरणपत्र, बिलिंग आणि बँकेचे व्यवहार एकाच वेळी उघडले की यंत्र मंदावते आणि ‘रॅम वाढवा’ असा सल्ला मिळतो. १६ जीबी घेण्याचे ठरले, तर ती एकाच पट्टीत घ्यावी की ८-८ जीबीच्या दोन पट्ट्यांत?

सामान्य डेस्कटॉपमध्ये प्रोसेसर व रॅम यांच्यात दोन वाटा असतात. त्यांना चॅनेल म्हणतात. गोदामाला दोन दारे असावीत, तसाच हा प्रकार. पट्टी एकच असेल, तर एक दार बंदच राहते. डीडीआर४-३२०० रॅमच्या एका चॅनेलमधून सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी माहिती जाऊ शकते. दोन्ही चॅनेल चालू असता ५१.२ जीबी. साठा तेवढाच राहतो, वाट रुंदावते.

मात्र वाट दुप्पट झाली म्हणून काम दुप्पट वेगाने होत नाही. केवळ बिले व खतावणी यांत हा फरक फारसा जाणवत नाही. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसलेल्या यंत्रावर दागिन्यांची किंवा कापडाची डिझाइने केली जात असतील, तर तो स्पष्ट दिसतो. म्हणून खरेदीपूर्वी ऐन कामाच्या वेळी टास्क मॅनेजर उघडून पाहावे. रॅम निम्मी रिकामी असेल आणि जुनी हार्ड डिस्कच पूर्ण व्यग्र दिसत असेल, तर तोच पैसा एसएसडीवर खर्च करणे शहाणपणाचे.

रॅम निवडताना मदरबोर्डची पुस्तिका प्रमाण मानावी. डीडीआर४ आणि डीडीआर५ यांची खाच वेगळ्या जागी असते. एकाची पट्टी दुसऱ्याच्या स्लॉटमध्ये बसत नाही. दोन्ही पट्ट्या समान क्षमतेच्या व वेगाच्या, शक्यतो एकाच जोडीच्या पाकिटातील घ्याव्यात. वेग भिन्न असल्यास दोन्ही साधारणतः मंद पट्टीच्या वेगाने चालतात. क्वचित यंत्र सुरूच होत नाही.

पट्ट्या बसवण्यापूर्वी हिशेबाचा बॅकअप घ्यावा. यंत्र बंद करून प्लग काढावा आणि अंगातील स्थिर वीज उतरावी म्हणून कॅबिनेटच्या धातूला हात लावावा. चार स्लॉट असतील, तर प्रोसेसरकडून दुसरा व चौथा हीच बहुधा योग्य जोडी असते. शेजारच्या दोन स्लॉटमध्ये पट्ट्या बसवल्या, तर दोन्ही एकाच चॅनेलवर जाण्याचा संभव असतो. खाच जुळवून पट्टीची दोन्ही टोके क्लिप लागेपर्यंत दाबावीत.

यंत्र सुरू झाल्यावर विंडोज मेमरी डायग्नॉस्टिक ही तपासणी अवश्य चालवावी. सदोष पट्टी यंत्र बंद न पाडताही आकडे बिघडवू शकते. पेढीला वेग हवा, पण त्याआधी बिनचूक हिशेब हवा.