गढूळ पाण्यात काट्याचा आधार
मालवणच्या समुद्रात हिवाळ्यात खडक पाहत दिशा धरता येते. आपल्या वऱ्हाडात महानचं काटेपूर्णा किंवा मोर्शीचं अप्पर वर्धा धरण पावसाळ्यात गढुळलं, की हाताचा पंजाही दिसेनासा होतो. तिथे पाणबुड्याचा खरा सोबती होकायंत्र. ते सपाट आणि पोलादी सिलिंडरपासून लांब धरायचं. तिरपं झालं की काटा काचेखाली अडकतो. ६० अंशांवर गेलात, तर परतीची दिशा २४०. अंतर पायांच्या फटक्यांवर मोजायचं. भरलेल्या सिलिंडरचा दाबमापक साधारण २०० बार दाखवतो. ५० शिल्लक असतानाच वर यायचं, यात तडजोड नको. आणि हे विसरू नका: खाऱ्या पाण्यासाठी आखलेला खोलीमापक धरणाच्या गोड्या पाण्यात १० मीटरला सुमारे ९.७ दाखवतो.