मोटारीचा मंद दिवा आणि अन्वयव्यतिरेक

आमच्या घरीं एक जुनी अ‍ॅम्बेसेडर गाडी आहे. कोलकात्याजवळील उत्तरपारा येथें १९५८ सालापासून निघूं लागलेल्या या गाडीचें उत्पादन २०१४ सालीं बंद झालें. तथापि आजीपासून नातवंडांपर्यंत सर्वांस पोटांत घेणारें दुसरें वाहन आमच्या एकत्र कुटुंबास मानवत नाहीं.

गेल्या पौषांतील संकष्टीस आम्ही सहकुटुंब कळंबच्या श्रीचिंतामणीच्या दर्शनास गेलों होतों. पायऱ्या उतरून भूमीच्या पातळीखालीं जावें लागणारें तें देवालय यवतमाळकरांच्या परिचयाचें आहे. परततांना अंधार पडला. चतुर्थी असल्यानें चंद्रोदयास अवकाश होता. दिवस कापसाचे. गाडीचा डावा दिवा आठ दिवसांपासून मिणमिणत होता. ‘उजवा चांगला आहे ना?’ असें म्हणून आम्हीं ती गोष्ट टाळली होती. एका वळणावर कापसानें भरलेली बैलगाडी अकस्मात् पुढ्यांत दिसली, ती अवघ्या दहा-बारा हातांवर! पुतण्यानें ब्रेक दाबला, गाडी थांबली, कोणास खरचटलेंही नाहीं. पण मागें बसलेलीं मुलें घर येईपर्यंत बोललीं नाहींत. बैलगाडी रस्त्याच्या डाव्या कडेनें चालते, आणि ती कडा दाखविणें हें मुख्यतः डाव्या दिव्याचें काम, ही साधी गोष्ट आम्हांस त्या रात्रीं उमगली.

दुसऱ्या दिवशीं एका मिस्त्रीनें नवा बल्ब घातला. मंदपणा कायम! “गुरुजी, सारी वायरिंगच बदलवा लागते,” असें सांगून त्यानें जो आंकडा उच्चारला, तो ऐकून आम्हीं ठरविलें कीं, इतकीं वर्षें मुलांस संस्कृत शिकविलें, त्याचा येथें कांहीं उपयोग होतो काय, तें आधीं पाहावें.

न्यायशास्त्रांत कारण ठरविण्याची एक रीत आहे. एक गोष्ट असतां दुसरी असते, हा अन्वय; पहिली नसतां दुसरी नसते, हा व्यतिरेक. दोन्ही जुळल्याखेरीज कारण ठरवूं नये. या कसोटीनें पाहतां, दोन्ही दिवे मंद असते तर संशय बॅटरीवर किंवा डायनॅमोवर गेला असता. दोन्ही विझले असते तर फ्यूज, रिले अथवा स्विचवर. येथें एकच मंद; तेव्हां दोष त्या दिव्याच्या आसपासच असला पाहिजे.

मग आम्हीं पुतण्याकडून डाव्या-उजव्या बल्बांची अदलाबदल करविली. (हॅलोजन बल्बच्या काचेस बोट लावूं नये, बोटाच्या तेलकटपणानें काच तापून बल्ब लवकर जातो.) दोष बल्बाबरोबर उजवीकडे गेला नाहीं, डावीकडेच राहिला. बल्ब निर्दोष ठरला.

मोटारींत वीज तारेनें दिव्याकडे जाते, पण परततांना बहुधा गाडीच्या लोखंडी सांगाड्यांतून परतते. हा परतीचा मार्ग म्हणजे अर्थिंग. बॅटरीच्या ज्या टोकाची जाड तार सांगाड्यास जोडलेली असते, त्याच टोकापासून एक सुटी वायर आम्हीं डाव्या दिव्याच्या अर्थिंगपर्यंत नेली. टेकवितांच दिवा लख्ख! उचलतांच पुन्हां मिणमिण! अन्वय व व्यतिरेक दोन्ही जुळले. (दुसऱ्या टोकास मात्र अशी वायर लावूं नये, ठिणगी उडून वायर जळते.)

अर्थिंगचा स्क्रू काढून पाहतों तों त्याखालीं तांबडा गंज. किती पावसाळ्यांचा, देव जाणे. काचकागदानें जागा चकचकीत होईपर्यंत घासली, स्क्रू घट्ट बसविला, वरून थोडें ग्रीस लावलें. काम अर्ध्या तासाचें!

एवढ्याशा गंजानें एवढा अंधार कसा? गणित सोपें आहे. १२ व्होल्टचा ६० वॅटचा बल्ब ५ अँपिअर वीज घेतो. वाटेंत केवळ पाव ओहमचा अडथळा आला, तरी बल्बास १२ ऐवजीं ११ व्होल्टही पुरते मिळत नाहींत. दाब सुमारें दहावा हिस्सा घटतो. उजेड मात्र जवळजवळ तीस टक्के घटतो. आमच्या गंजाचा अडथळा याहूनही मोठा असावा.

दोष गाडीच्या कारखान्याचा नव्हता. वयाचा होता, आणि त्याहून अधिक आमच्या हेळसांडीचा. विझलेल्या दिव्याची दखल मनुष्य तत्काळ घेतो. मंद दिव्याची त्यास संवय होते, आणि तेंच घातक. तरी ज्यांचे घरीं जुनी मोटार असेल, त्यांनीं पावसाळा सरतांच एके संध्याकाळीं ती भिंतीसमोर उभी करून दोन्ही दिव्यांचा उजेड ताडून पाहावा.

आम्हीं आणखी एक केलें. आमच्या शेतावरील बैलगाडीच्या मागें चकाकणारी तांबडी पट्टी चिकटविली. रस्ता दोघांचा आहे; दिसणें आणि दाखविणें, दोन्ही कर्तव्येंच होत.