जुना ट्रक रुसतो तेव्हां

अमेरिकेंतील शेतांवर १९६० च्या सुमाराचे पेट्रोलचे फोर्ड पिकअप ट्रक अद्यापि राबतात. असा ट्रक सकाळीं सुरू होईनासा झाला, कीं मालक नवी बॅटरी आणतो. हा खर्च पुष्कळदां व्यर्थ जातो. आधीं दिवे लावून स्टार्टर चालवावा. दिवे अगदींच मंदावले, तर बॅटरी बहुधा उतरलेली असते किंवा तिच्या टोकांवर क्षार चढलेला असतो. टोकें घासून पाहावीं, पैसा वांचेल. दिवे प्रखर राहून स्टार्टर मुकाच राहिला, तर दोष स्विचांत वा तारांत शोधावा. एंजिन जोमानें फिरतें पण पेटत नाहीं, तेव्हां बॅटरीला बोल लावूं नये. ठिणगी किंवा पेट्रोल पोंचत नसावें. निदानापूर्वीं औषध नको, हा वैद्याचा नियम यंत्रासही लागू आहे.