टेक्सास : दोनशे चौपन्न काउंट्यांचा मुलूख

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील टेक्सास या राज्याचे नाव आपल्या घरांत बहुधा दोनच कारणांनी निघते. कोणाचा मुलगा वा पुतणी ह्यूस्टनला किंवा डॅलसला नोकरीस असते. नाही तर तेथील तेलाच्या विहिरींविषयी कोणी काही वाचलेले असते. राज्य मोठे आहे, एवढे सर्वांस ठाऊक आहे. पण मोठे म्हणजे किती, आणि एवढा अफाट मुलूख कोण व कसा सांभाळतो, याचा विचार सहसा होत नाही. तो करण्याजोगा आहे. कारण माणसाला पाणी, रस्ता आणि संकटाची वेळेवर सूचना मिळणे हे पुष्कळदा कारभाराच्या रेषा कोठे ओढल्या आहेत व त्या रेषांच्या आत कोणाला किती अधिकार आहे, यावर अवलंबून असते.

प्रथम आकार पाहू. टेक्सासचे क्षेत्रफळ सुमारे ६,९५,००० चौरस किलोमीटर आहे. महाराष्ट्राचे क्षेत्रफळ ३,०७,७१३ चौरस किलोमीटर. म्हणजे दोन महाराष्ट्र त्यात मावून वर जागा उरेल. गोव्याएवढे प्रदेश तर एकशे ऐंशीहून अधिक मावतील. एवढ्या भूमीवर २०२० च्या शिरगणतीत २,९१,४५,५०५ माणसे मोजली गेली. महाराष्ट्रात २०११ सालीच सव्वाअकरा कोटींच्या आसपास वस्ती होती. माणसे थोडी आणि अंतरे फार, हे टेक्सासच्या कारभाराचे मूळ दुखणे होय.

भूमीचे स्वरूपही एकसारखे नाही. पूर्वेस पाइन वृक्षांची दाट अरण्ये व दलदली आहेत. लुइझियानाच्या सीमेलगत वर्षाला साठ इंचांच्या आसपास पाऊस पडतो. पश्चिम टोकास एल पासो शहरी तोच पाऊस नऊ इंचांवर येतो. दक्षिणपूर्वेस मेक्सिकोच्या आखाताचा सखल किनारा असून तेथे चक्रीवादळांचे भय कायमचे असते. मधल्या पट्ट्यात आपल्या देशावरील काळ्या रानाची आठवण व्हावी अशी काळी, कापसाची जमीन आहे. तिच्या पश्चिमेस चुनखडीच्या डोंगरांचा प्रदेश लागतो, तर उत्तरेस ऊंच, सपाट माळ पसरले आहेत. या माळांवरची शेती ओगलाला नावाच्या भूगर्भातील जलसाठ्यावर चालते, आणि उपशामुळे तो साठा खालावत चालला आहे. अगदी पश्चिमेस वाळवंट व पर्वत असून ग्वाडालूपे शिखर २,६६७ मीटर उंच आहे. आपले कळसूबाई १,६४६ मीटर. दक्षिणेची सीमा रिओ ग्रांदे नदीने आखली असून तिच्या पलीकडे मेक्सिको देश आहे.

‘टेक्सास’ हा शब्द मूळच्या कॅडो लोकांच्या भाषेतील असून त्याचा अर्थ ‘मित्र’ असा आहे. कॅडो, अपाची, कोमांची अशा लोकांचा हा मुलूख होता. पुढे स्पॅनिश लोक आले. १६९१ साली १३ जून रोजी, पादुआच्या संत अंतोनीच्या सणाच्या दिवशी, त्यांची तुकडी एका नदीकाठी पोचली आणि त्या स्थळाला सान आंतोनियो हे नाव मिळाले. १७१८ मध्ये तेथे फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी मिशनचे ठाणे उभारले. या मिशनांच्या शेतीसाठी काढलेल्या पाटांपैकी एस्पादा मिशनचा पाट आजही वाहतो. सान आंतोनियोची ही मिशने २०१५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली. त्यांपैकी चार ठिकाणी अद्यापि धर्मग्राम नांदत आहेत. आखाताच्या काठचे कॉर्पस क्रिस्ती हे शहर तर ख्रिस्तशरीराच्या सणाचेच नाव धारण करून आहे.

१८२१ मध्ये हा प्रदेश स्वतंत्र मेक्सिकोकडे गेला. १८३६ मध्ये तो स्वतंत्र प्रजासत्ताक झाला आणि १८४५ मध्ये अमेरिकेच्या संघात सामील झाला. या इतिहासात गुलामगिरीचे पान काळे आहे. गुलामांच्या मुक्तीची घोषणा १ जानेवारी १८६३ रोजी अमलात आली. परंतु टेक्सासमधील गुलामांस ती गॅल्व्हेस्टन बंदरात १९ जून १८६५ रोजी जाहीर करण्यात आली. अडीच वर्षे माणसे कायद्याने मोकळी आणि प्रत्यक्षात बांधलेली होती. तो दिवस २०२१ पासून साऱ्या अमेरिकेत राष्ट्रीय सुट्टीचा दिवस आहे.

आज या राज्यात कोण राहते? २०२० च्या शिरगणतीत गौरवर्णीय सुमारे ३९.७ टक्के आणि स्पॅनिश वा मेक्सिकन वंशपरंपरेचे लोक ३९.३ टक्के होते. पुढे २०२२ च्या सरकारी अंदाजात हा दुसरा वर्ग पहिल्याच्या पुढे गेला. आफ्रिकी वंशाचे लोक सुमारे १२ टक्के आणि आशियाई ५ टक्क्यांहून अधिक आहेत. जुन्या वसाहतींत १८४५ चे जर्मनांचे न्यू ब्राउनफेल्स आहे, १८५४ साली पोलिश कॅथलिकांनी वसवलेले पान्ना मारिया आहे. १९७५ नंतर व्हिएतनामी निर्वासित येऊन किनाऱ्यावर मासेमारी करू लागले. ह्यूस्टन व डॅलस येथे मराठी मंडळींनी महाराष्ट्र मंडळेही स्थापिली आहेत.

आता कारभाराकडे वळू. १८३६ साली प्रजासत्ताक स्थापन झाले तेव्हा मेक्सिकोच्या अमलातील २३ विभागांच्या २३ काउंट्या झाल्या. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग. वस्ती जसजशी पश्चिमेकडे सरकली तसतसे त्यांचे तुकडे पडत गेले, आणि १९३१ पासून त्यांची संख्या २५४ वर स्थिर आहे. अमेरिकेच्या कोणत्याही राज्यात इतक्या काउंट्या नाहीत. महाराष्ट्राचे जिल्हे ३६ आहेत, हे ध्यानात घेतले म्हणजे फरक कळतो. शेतकऱ्याला घोड्यावरून काउंटीच्या कचेरीत जाऊन दिवसाउजेडी घरी परतता यावे असा या रचनेमागील हेतू सांगतात. तेथील कॅथलिक धर्मप्रांतांच्या सीमाही या काउंट्यांच्या रेषांनीच ठरल्या आहेत. १८४७ साली गॅल्व्हेस्टन हा एकच धर्मप्रांत होता, आज पंधरा आहेत.

काउंटीचा कारभार पाच जणांचे मंडळ पाहते. त्याचा अध्यक्ष ‘काउंटी जज्ज’ म्हणवतो, पण तो वकील असलाच पाहिजे असे नाही. त्याच्या जोडीस चार कमिशनर असतात. शेरीफ, कर गोळा करणारा अधिकारी, दप्तर सांभाळणारा कारकून हेही लोकांनी मते देऊन निवडलेले असतात. आपल्याकडे कलेक्टर सरकार नेमते. तेथे बहुतेक सर्व अधिकारी शेजाऱ्यांतूनच निवडून येतात.

यातील विषमता मात्र नवल वाटण्याजोगी आहे. पश्चिमेकडील लव्हिंग काउंटीत २०२० साली फक्त ६४ माणसे होती. ह्यूस्टन शहर ज्या हॅरिस काउंटीत आहे तेथे ४७,३१,१४५. ब्रूस्टर काउंटी सुमारे १६,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या बेळगाव जिल्ह्याहून मोठी, आणि माणसे दहा हजारांहून कमी. तरीही ६४ माणसांवर तेच पाच जणांचे मंडळ आणि सत्तेचाळीस लाखांवरही तेच.

शिवाय काउंटीचे अधिकार शहरांच्या मानाने तोकडे आहेत. याचा भुर्दंड गरिबांस कसा पडतो, ते रिओ ग्रांदेच्या काठी दिसते. १९५० नंतर तेथे जमिनीच्या दलालांनी शहराच्या हद्दीबाहेरची रानें पाडून स्वस्त प्लॉट विकले. पाणी नाही, गटार नाही, रस्ता नाही. शहराचा कायदा तेथे लागू नव्हता आणि काउंटीला अडवण्याचा पुरेसा अधिकार नव्हता. शेतमजुरांची कुटुंबे हप्त्याहप्त्याने पैसे भरून तेथे राहिली आणि पिंपांतून पाणी आणू लागली. अशा वस्त्यांना ‘कोलोनिया’ म्हणतात. १९८० नंतर तेथील धर्मग्रामांतील सामान्य स्त्रीपुरुषांनी ‘व्हॅली इंटरफेथ’ आणि एल पासोची ‘एपिसो’ या संघटनांमधून राजधानी ऑस्टिनपर्यंत धडक मारली. १९८९ साली विधिमंडळाने या वस्त्यांच्या पाणी व गटारांसाठी कायदा केला. अनेक वस्त्यांत नळ आले. कित्येकांत अजून यावयाचे आहेत.

दुसरे उदाहरण ताजे आहे. ४ जुलै २०२५ च्या पहाटे डोंगराळ भागातील कर काउंटीत ग्वाडालूपे नदी पाऊण तासात सुमारे २६ फूट चढली. त्या एका काउंटीत शंभराहून अधिक जीव गेले. त्यांत एका उन्हाळी शिबिरातील मुली व त्यांच्या मार्गदर्शिका मिळून सत्तावीस जणी होत्या. नदीकाठी इशाऱ्याचे भोंगे बसवावेत काय, याची चर्चा काउंटीत पूर्वी झाली होती. खर्चाचा प्रश्न आला, मदतीची मागणी मान्य झाली नाही, आणि भोंगे बसले नाहीत. दुर्घटनेनंतर त्याच वर्षी राज्याच्या विधिमंडळाने पूरप्रवण भागांत अशा भोंग्यांची तरतूद केली.

टेक्सासचा नकाशा मुलांना दाखवताना त्यावरील तेल, गुरे आणि गगनचुंबी इमारती तर दाखवाव्याच. पण त्या बारीक चौकोनी रेषांकडेही त्यांचे लक्ष वेधावे. प्रत्येक चौकोनात एक कचेरी आहे, आणि तेथे पाणी, पूर व रस्ता यांचा निकाल लागतो. ज्या चौकोनांत लोक मत देऊन घरी स्वस्थ बसले नाहीत, कचेरीत जाऊन पुनःपुन्हा विचारत राहिले, तेथे नळ लवकर आला. आपल्या ग्रामसभेची दवंडी ऐकू येते तेव्हा हातातले काम क्षणभर बाजूस ठेवून तिकडे जावे, एवढे तरी या दूरच्या मुलुखापासून आपणांस घेता येईल.