पाचशे वर्षं वाचावा लागेल असा गहू

सेकंदाला एक अक्षर या वेगानं, न झोपता, न थांबता, पोळीच्या गव्हाचा जनुकसंच वाचायला बसलात तर किती काळ लागेल? त्यातली डीएनएची अक्षरं सुमारे 16 अब्ज. म्हणजे पाचशेहून अधिक वर्षं. बहमनी राज्याची शकलं होत होती तेव्हा कुणी सुरुवात केली असती, तर त्याचं वाचन आता कुठे संपत आलं असतं. माणसाचा जनुकसंच याच वेगानं शंभरीच्या आत उरकतो, भाताचा तर साडेबारा वर्षांत.

हा पसारा गव्हानं रानगवतांकडून घेतला. काही लाख वर्षांपूर्वी पश्चिम आशियात दोन गवतांचा संकर झाला आणि दोघांचेही संच संततीत शाबूत राहिले. तो रानटी एमर, आपल्या खपली गव्हाचा पूर्वज. पुढे आठ-दहा हजार वर्षांपूर्वी, कॅस्पियन समुद्राच्या आसपास, शेतातल्या एमरशी एजिलॉप्स टॉशी नावाच्या गवताचा संकर झाला. दिसायला किरकोळ तण. पण त्याचा एकट्याचा संच 4.3 अब्ज अक्षरांचा, माणसाच्या संचाहून मोठा! हा तिसरा संच मिळाला आणि पोळीचा गहू जन्मला.

पोळीच्या गव्हाच्या संचातली जवळपास 85 टक्के अक्षरं म्हणजे स्वतःच्याच नकला काढून संचात इकडेतिकडे घुसणारे तुकडे. त्यांना कचरा म्हणून मोकळं होणं घाईचं ठरेल. इस्राएलच्या कार्मेल डोंगरात नहाल ओरेन नावाची दरी आहे. तिचे समोरासमोरचे उतार तळाशी जेमतेम 100 मीटर दूर. एक दक्षिणेकडे तोंड केलेला, रखरखीत, दुसरा सावलीचा, ओलसर. दोन्हींवर गव्हाच्याच कुळातला रानटी सातू उगवतो. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ‘बेअर-1’ या अशाच तुकड्याच्या नकला मोजल्या गेल्या. अख्ख्या नकलांची संख्या जागेप्रमाणे बदलत होती आणि वाढीचा कल कोरड्या उतारावर अधिक ठळक होता. उन्हानंच हे घडवलं, असं यावरून सिद्ध होत नाही. पण हाकेच्या अंतरावर जनुकसंचाची ठेवण बदलते, हे मला त्या 16 अब्जांपेक्षाही अचाट वाटतं.

पुन्हा त्या तिसऱ्या संचाकडे येऊ. तुर्कस्तानापासून पश्चिम चीनपर्यंत पसरलेल्या टॉशीच्या विविधतेतला फारच थोडा वाटा गव्हात उतरला. म्हणून मेक्सिकोतल्या सिमिट या संस्थेनं तो प्राचीन संकर मुद्दाम पुन्हा घडवला, आणि तोही निरनिराळ्या टॉशी घेऊन. असे हजाराहून अधिक नवे गहू तिथे तयार झाले. तांबेरा या बुरशीजन्य रोगाला तोंड देणारी काही जनुकंही या तणातूनच मिळाली आहेत.

सांगली-साताऱ्याकडच्या खपलीत मात्र हा तिसरा संच नाहीच. तिची गुणसूत्रं 28, पोळीच्या गव्हाची 42. तरी तिला कमी लेखू नका: तांबेऱ्याच्या बुरशीचे प्रकार ओळखण्यासाठी अमेरिकेत 1922 साली जो बारा वाणांचा संच ठरला, त्यात ‘खपली’ याच नावानं ती होती.