गोळ्या मिळाल्या, पण माहिती?

नायगावच्या एका काकूंनी टीबीच्या गोळ्या चौथ्या दिवशीच बंद केल्या. आम्ही घरी गेलो तेव्हा म्हणाल्या, "लघवी लाल होतेय बाळा, रक्तच जातंय. मला नाही सोसत हे औषध."

ते रक्त नव्हते. टीबीच्या उपचारात रिफाम्पिसिन नावाचे औषध असते, त्याने लघवी, घाम, अगदी डोळ्यांतले पाणीही नारिंगी-लालसर होते. त्याने काही बिघडत नाही. बिघडते ते औषध मध्येच सोडल्याने, कारण मग जंतू त्या औषधाला दाद देईनासे होतात. डोळे पिवळे झाले, सतत उलट्या झाल्या तर मात्र लगेच डॉक्टरांकडे जावे. एवढे सांगायला एक मिनिट लागते. ते मिनिट काकूंना औषधाच्या खिडकीवर मिळाले नव्हते.

दादर, परळ, लालबाग भागात आम्ही रुग्णांसोबत दवाखान्यात जातो, तेव्हा हाच अनुभव येतो. केसपेपर काढायला रांग, डॉक्टरांसाठी रांग, शेवटी खिडकी. पाकिटावर "१-०-१" लिहून हातात दिले की पुढचा नंबर. फार्मासिस्ट म्हणजे गोळ्या मोजून देणारा माणूस, असाच आपलाही समज आहे.

खरे तर रुग्णाला औषध समजावून सांगणे हे नोंदणीकृत फार्मासिस्टचे कामच आहे. जानेवारी २०१५ मध्ये आलेल्या फार्मसी प्रॅक्टिस नियमावलीत ते लिहिलेले आहे: औषध कशासाठी, किती दिवस, कसे घ्यायचे, त्रास काय होऊ शकतो, कुठे ठेवायचे, एखादा डोस चुकला तर काय करायचे. क्लिनिकल फार्मासिस्ट त्याच्याही पुढे जातो. रुग्णाची सगळी औषधे एकत्र पाहून कोणते कोणाशी जुळत नाही हे तो डॉक्टरांच्या लक्षात आणून देतो. आपल्याकडे २००८ पासून त्यासाठी सहा वर्षांचा फार्म. डी. अभ्यासक्रम आहे. इंग्लंडमध्ये २०१५ पासून असे फार्मासिस्ट वस्तीतल्या डॉक्टरांच्या दवाखान्यात बसू लागले. आपल्या वस्तीतल्या दवाखान्यात आम्हाला अजून तरी असा कोणी भेटलेला नाही.

गरज मात्र इथेच जास्त आहे. आपल्या माणसांचे केसपेपर तीन ठिकाणी असतात: केईएमचा, महापालिकेच्या दवाखान्याचा आणि गल्लीतल्या डॉक्टरांचा. लालबागचे एक आजोबा बीपीची अॅम्लोडिपिन दोन वेगवेगळ्या नावांनी, दोन पाकिटांतून घेत होते. चक्कर येते म्हणून तिसरी गोळी सुरू होणार होती! रिफाम्पिसिनमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो, शुगरच्या काही गोळ्यांचाही. टीबी झालेल्या किती तरुण मुलींना हे कोणी सांगितले असेल?

दोष खिडकीतल्या माणसाला देऊन भागणार नाही. साठा, नोंदवही आणि समोरची रांग, सगळे एकट्यावर. म्हणून दवाखान्यात समुपदेशनासाठी वेगळा फार्मासिस्ट हवा, ही मागणी वॉर्ड कार्यालयात लेखी द्यायला हवी. निवेदन आपण स्मारकासाठी देतो, पाण्यासाठी देतो, यासाठीही देऊ.

तोवर आपल्या हातात एक साधे काम आहे. रविवारी विहारात ज्येष्ठांना घरातली सगळी औषधे एका पिशवीत आणायला सांगा. आपण डॉक्टर नाही, त्यामुळे कोणतीही गोळी बंद करायला सांगू नका. फक्त यादी करा, स्ट्रिपवरचे मूळ औषधाचे नाव लिहा आणि ती यादी घेऊन त्यांच्यासोबत दवाखान्यात जा. औषधाने त्रास झाला तर १८००-१८०-३०२४ या सरकारी टोल फ्री क्रमांकावर कोणालाही कळवता येते.

काकूंसोबत आम्ही पुन्हा खिडकीवर गेलो. मागची रांग कुरकुरत होती. तरी आतल्या मॅडमनी गोळ्यांची स्ट्रिप काचेला लावून सगळे नीट सांगितले. काकूंनी आधी विचारले, "मग रंग सहा महिने असाच राहणार का?" मॅडम म्हणाल्या, "गोळ्या चालू आहेत तोवर राहणार. रंग दिसला की समजायचं, औषध पोटात गेलंय." काकू हसल्या आणि पाकीट पदरात बांधले.