कमरेच्या पिस्तुलाचा चाप किती जड?

मांजरसुंब्याच्या चौकात धुळे–सोलापूर महामार्गावरून केज-अंबाजोगाईची वाट फुटते. त्या वाटेवरच्या मस्साजोगच्या सरपंचांची डिसेंबर २०२४ मध्ये हत्या झाली. त्यानंतर बीड जिल्ह्यातले शस्त्रपरवाने तपासले गेले, अनेक रद्दही झाले. परवाना कुणाला द्यावा यावर भरपूर बोललं गेलं. चाप किती जोराने ओढल्यावर गोळी सुटते, याबद्दल कुणी फारसं विचारत नाही.

मोजतात कसं?

रिकाम्या शस्त्राची नळी उभी धरायची, चापाला ठरावीक वजन लटकवायचं आणि उचलायचं. चाप सुटला नाही, तर तो निदान तेवढा जड आहे. नेमबाजी स्पर्धांत हीच तपासणी होते. दहा मीटर एअर पिस्तुलाला किमान ५०० ग्रॅम, तर कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलं त्या २५ मीटर पिस्तुलाला किमान १ किलो. पण ही शस्त्रं कुणी खिशात घेऊन फिरत नाही.

आकडे काय सांगतात?

आपल्याकडे परवान्यावर बहुधा .३२ बोअरचं रिव्हॉल्वर किंवा पिस्तूल मिळतं. ९ मिमी सामान्य नागरिकाला बंद. रिव्हॉल्वरचा चाप थेट ओढला तर साधारण साडेचार-साडेपाच किलोचा जोर लागतो. घोडा आधी मागे खेचून ठेवला, की तेच काम दीड-दोन किलोत होतं. म्हणजे एकाच शस्त्राचे दोन आकडे. विक्रेता एकच सांगत असेल, तर कुठला ते विचारावं.

खरी अडचण शस्त्राच्या हलकेपणात आहे. कानपूरला बनलेलं, २०१४ मध्ये बाजारात आलेलं ‘निर्भीक’ रिव्हॉल्वर जेमतेम अर्धा किलोचं. त्याच्या चापावर त्याच्याच वजनाच्या दसपट जोर लावताना नळी जागेवर राहणं कठीण. मोठ्या, वजनदार शस्त्रात तोच चाप इतका त्रास देत नाही.

जड की हलका?

न्यूयॉर्क पोलिसांनी चुकून गोळी सुटू नये म्हणून चाप साडेपाच किलोंच्या आसपास ठेवला होता. २०१२ मध्ये एम्पायर स्टेट इमारतीजवळ त्यांच्या गोळ्यांनी नऊ वाटसरू जखमी झाले, तेव्हा या जड चापावरही टीका झाली. पुढे नव्या भरतीला हलका चाप मिळाला. पण ती सराव करणारी फौज. वर्षातून एकदाही मैदानावर न जाणाऱ्या परवानाधारकाला जड आणि लांब ओढीचा चापच बरा, असं माझं मत. स्प्रिंग कापून तो हलका करून घेणं तर निव्वळ आगाऊपणा.

चापापलीकडे

शस्त्र हातातून पडलं, तर चापाचं वजन फारसं कामाला येत नाही. तिथे आतला सुरक्षा-अडसर धड असावा लागतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिनेते गोविंदा यांच्या पायात त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्वरची गोळी घुसली, तीही घरात. आणि वरातीत कुणी मुद्दाम चाप ओढला, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर शस्त्र कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत.